खालून पाहिलेली आई

ती. अक्कास धाकट्याचा वाकून नमस्कार.

लेकाकडे मी मजेत आहे. खोकला आहे, पण तो सोबतीपुरता. काळजी करू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

सूनबाईने मला चित्रकलेच्या वर्गात घातलंय. माणसाचे डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात, हे मला पंचाहत्तरीत कळलं! इतके दिवस मी ते कपाळावर चढवत होतो.

काल आईला काढायला बसलो. फोटो नाही, म्हणून आठवणीतून. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, नुसती हनुवटी आणि नाकपुड्या? पलंगाखालून बघत होतात की काय?"

मी हसलो खरा, पण मग उमगलं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. तिचा पदर धरून वर बघावं, तर आभाळाला टेकलेली हनुवटीच दिसायची. शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत गं, पण आईचे डोळे आठवत नाहीत.

तू तेव्हा तिच्या खांद्याला लागायचीस. डोळे कसे होते? भुवया जुळलेल्या होत्या का? नातीकडून लिहवून पाठव. सावकाश लिही, असं म्हणवत नाही. तिला समोरून पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझा,
धाकटा