धाबळीतल्या ठिणग्या

५ डिसेंबर १९३६, भोर
आज पुन्हा तेच. सासूबाईंनी स्वयंपाक-नैवेद्य उरकून माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोवळ्याची लोकरी धाबळी अंगावरून काढली, तर चरचर करून निळ्या ठिणग्या उडाल्या. मी दाराशीच. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिवलीस ना हिला? बाजूला बसली होतीस तेव्हा?" देवाशप्पथ शिवले नव्हते. ऐकतंय कोण! "देव कोपलाय. पुण्याला परीक्षेला जायचं खूळ आता डोक्यातनं काढ."
म्हणजे मार्चची मॅट्रिक गेली. तीन वर्षं चुलीपुढं बसून केलेला अभ्यास...

६ डिसें.
ह्यांना सांगितलं. हे शाळेत शास्त्र शिकवतात, म्हणून म्हटलं काही करतील. तर हसले. "अगं, घर्षणविद्युत ती! लोकर अंगावर घासली की येते." मग आईंना सांगा की! "तिच्यापुढं कोण तोंड उघडणार?" वर्गात वाघ, घरात मांजर. शेवटी स्वतःचं पुस्तक दिलं. म्हणाले, तू समजून घे, तूच सांग.

९ डिसें.
विद्युतभार दोन तऱ्हेचे. सजातीय एकमेकांना लोटतात, विजातीय ओढतात. अंतर दुप्पट केलं की जोर चौथाई. घोकून घोकून पाठ झालं. कळलं शून्य. मधे काही नसताना, न शिवता लोटायचं म्हणजे कसं?

१२ डिसें.
लग्नातलं बाशिंग ट्रंकेत होतं. त्याचं मऊ, हलकं भेंड कोरून वाटाण्याएवढे दोन गोळे केले. (सा.बा. अवलक्षणी म्हणतील. म्हणोत.) रेशमाच्या धाग्यांनी शेजारी शेजारी टांगले. लाखेची कांडी ह्यांच्या मफलरवर खसाखसा घासून जवळ नेली. गोळे धावत आले, कांडीला लागले आणि झटकन लांब पळाले! कांडी बाजूला केली तरी एकमेकांकडे पाठ. कांडीचाच भार दोघांना मिळाला, दोघे एकाच जातीचे झाले, म्हणून. बोट लावलं तर मुकाट जवळ आले. भार माझ्या अंगातून जमिनीत गेला.
कळलं! अगं बाई, खरंच कळलं!! एकटीच टाळ्या पिटत होते.

१३ डिसें.
घाई नडली. सा.बा. सोवळ्यात चुलीपाशी, भाताला कढ आलेला. तिथंच दारात गोळे टांगून दाखवायला गेले. कांडी घासून हात दुखले, गोळे ढिम्म. "झाला खेळ?" म्हणाल्या. मोरीत जाऊन रडले.
संध्याकाळी हे म्हणतात, वाफ धाग्यावर, कांडीवर बसते, भार तिथनं निसटून जातो. आधी सांगायला काय झालं होतं?

१७ डिसें.
दूधवाली कोंडाबाई (माहेर भोंगवलीचं) आली. तिच्यापाशी मन मोकळं केलं. तर ती खो खो हसत, "आवो वैनी, आमच्या घोंगडीतनं बी उडत्यात की! थंडी पडली की लई. आमी काय सोवळं पाळतो व्हय?"
सा.बा. आतून ऐकत होत्या. "तिच्या घोंगडीचं माझ्या धाबळीला काय सांगतेस!" पण दुपारी धाबळी काढताना नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत. टक लावून बघत होत्या.

२१ डिसें.
वेल्ह्याकडनं कोरडा वारा. ओठ फुटलेत.
नैवेद्याचं ताट वाढून झालं होतं, दाखवायचा होता. सा.बा. धाबळीतच पाटावर बसल्या. "आण ते तुझे गोळे. लांब बस."
आणले. आज पहिल्याच फटक्यात फाकले.
"कुणी कुणाला शिवलं नाही?"
"नाही."
"आणि तरी लोटतायत?"
"हो."
"मधे आहे काय?"
"पुस्तकात नाही. ह्यांनाही सांगता आलं नाही."
मी फुशारकी मारली नाही म्हणून असेल, त्या पुढं झुकल्या. हा का तो, म्हणून गोळ्याकडे बोट केलं. मी धागा सावरत होते. त्यांच्या बोटातून माझ्या बोटात चट्ट!
दोघी एकदम, "आई गं!"
बोटांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. पण माझी पाचावर धारण बसली. सोवळं मोडलं म्हणून आता पुन्हा गार पाण्याची अंघोळ करणार, त्यांना आधीच खोकला. "मी शिवले नाही हो!"
"दिसलं मला," म्हणाल्या. बोट उलटसुलट करून पाहिलं. "तेव्हाही नव्हतीस शिवली." आणि आत गेल्या.
मोरीत पाणी वाजेल म्हणून कान देऊन बसले. वाजली ती देवघरातली घंटा.

२२ डिसें.
दिवसभर परीक्षेचा विषय नाही. तिन्हीसांजेला वाती वळता वळता सा.बां.नी विचारलं, "मार्चात पुण्यात उकडतं का गं?"
"दुपारचं उकडतं."
"हं," म्हणाल्या, आणि कापूस पुढं ओढला.