पाण्यात गेलेला खंड्या

बाई, तुम्ही दिलेलं तोरण अजून आमच्या दारावर आहे. पांढरा दोरा आता चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो, खालचं लाल अस्तर मी दोनदा बदललं, पण विणकाम जसंच्या तसं आहे. एका ओळीत पाच फांद्या, पाण्यावर वाकलेल्या. चार फांद्यांवर एकेक खंड्या बसलेला. पाचवी फांदी रिकामी, जरा जास्तच वाकलेली, आणि तिच्याखाली पाण्यावर एक गोल तरंग. नवीन पनवेलच्या या घराच्या वास्तुशांतीला तुम्ही ते पिशवीतून काढलंत, तेव्हा आमची ही म्हणाली, "बाई, एक पक्षी राहिला का हो?" तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंत. "राहिला कुठे? आत्ताच तर पाण्यात गेला. थांब जरा, येईल मासा घेऊन." सगळे हसले. त्या काळी ज्याच्या त्याच्या दारावर पोपट, मोर नाहीतर कलश असायचा. तळ्याकाठच्या आपल्या खिडकीतून रोज दिसणारा पक्षी दोऱ्यात आणावा, आणि तोही नेमका दिसेनासा होण्याच्या क्षणी, हे फक्त तुम्हालाच सुचणार.

शाळेत तुम्ही आम्हाला मराठी शिकवत होतात. मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीशी बसून क्रोशाची सुई चालवायचात आणि साखळी, साखळी, खांब, असे टाके ओठातल्या ओठात मोजायचात. मला ते कवितेच्या चालीसारखं ऐकू यायचं. मला तेव्हा सगळंच कवितेसारखं ऐकू यायचं. अजून येतं, आणि त्यावरून घरात माझी थट्टा होते. एकदा मी डोळे मिटून, हात जोडून अख्खी कविता म्हटली. तुम्ही म्हणालात, "छान म्हटलीस. कुणाची?" मला नाव आठवेना. "आधी कवीचं नाव, मग कविता, हे किती वेळा सांगितलंय? घर सगळं फिरवून दाखवलंस आणि मालकाचा पत्ताच नाही. बस खाली." मी बसलो. पुढे सुट्टीत तुम्ही डब्यातली नारळाची अर्धी वडी माझ्या हातावर ठेवलीत, पण ती कवीचं नाव तीनदा म्हणवून घेतल्यावरच. त्या वडीची चव मला आठवते. नाव मात्र आज पुन्हा आठवत नाही, काय सांगू.

वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही हिला म्हणाला होतात, "नमुना काढून घे हवा तर. बहिणीला दे, नणंदेला दे. विकावंसं वाटलं तरी माझी ना नाही. फक्त मला सांग, आणि कुणी विचारलं तर नाव सांग. तेवढीच माझी हौस." पुढे वर्षभरातच तळोज्याचा आमचा कारखाना बंद पडला. घराचे हप्ते डोक्यावर होते. हिचा हात चांगला. तिनेच तोरणाचा विषय काढला, पण म्हणाली, "आधी बाईंना विचारून या. त्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही." मी विचारायलाच आलो होतो, बाई. तुम्ही चहा टाकलात आणि आमच्या वेळच्या पुस्तकातल्या एका कवितेचा विषय निघाला. मग दुसरीचा. तुम्ही एक ओळ म्हणायची, मी पुढची. बाहेर तळ्यावर ऊन उतरत आलं होतं आणि मला वाटलं, यात आता बाजार कुठे आणायचा. पुढच्या खेपेला विचारू. घरी आलो तर ही दारातच उभी. "विचारलंत?" मी चपला काढता काढता म्हणालो, "हो. म्हणाल्या, खुशाल विका." ती म्हणाली, "बघा, किती मोठं मन."

तिथेच सगळं चुकलं. पुढच्या खेपेला तुम्हाला विचारायचं म्हणजे आधी हिच्याशी खोटं बोललो हे कबूल करायला हवं होतं. तोवर तोरणं जुन्या पनवेलच्या बाजारात एका दुकानी लागलीही होती. दुकानदार जवळच्याच गावचा, मोकळा माणूस. एक दिवस म्हणाला, "भाऊ, माल झकास हाय. पन येक पाखरू कमी हाय ना. गिराईक बोलतं, इनताना चुकलंय. भरून टाका तिथं." ही ऐकेना. "अहो, तो पाण्यात गेलाय. तो बसवला तर तोरणात राहिलं काय?" मी म्हणालो, बाईच म्हणाल्या, भरा हवा तर. दुसऱ्यांदा खोटं बोलायला काही वाटलं नाही. दुकानदाराने विचारलं, "डिझाईन कोनाची?" मी म्हणालो, "आमच्या घरातलीच." आणि खरं सांगतो, ते म्हणताना मला बरं वाटलं. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात असं काहीतरी आहे, हे सांगायला बरं वाटलं.

लोकांना ते तोरण फार आवडलं. आमच्याकडून नेलेल्यावरून दुसऱ्या बायकांनी नमुने काढले, त्यांच्यावरून आणखी कुणी. बघता बघता पलीकडच्या विचुंबे गावापर्यंत दारोदार पाच फांद्यांवर पाच खंड्या बसले. सगळे जागच्या जागी, पाण्यात कुणीच जात नव्हता. मी रस्त्याने जाताना लोकांच्या दारांकडे बघेनासा झालो.

आणि मग तुमचा निरोप आला. महिला मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि स्वतः तयार केलेल्या नमुन्याला बक्षीस होतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी सगळा हिवाळा बसून तुम्ही नवं तोरण विणलं होतंत. तेच, खंड्यांचं. "या वयात हौस आली बघ," तुम्ही म्हणालात. "जन्मभर पोरांना कवींची नावं पाठ करायला लावली. एकदा आपलं नाव एखाद्या वस्तूखाली लागलेलं बघावं म्हणते. मला घेऊन जाशील ना रे?" मी हो म्हणालो. त्या वेळीही बोलता आलं असतं.

तो हॉल मला अजून दिसतो. लांबलचक टेबलं, त्यावर पांढऱ्या चादरी, आणि तुम्ही ठेवणीतलं करवती काठाचं लुगडं नेसून आपल्या तोरणाशेजारी उभ्या आहात. परीक्षक बाई येतात. तोरण उचलतात, उलटं करून बघतात. "काम सफाईदार आहे, आजी. पण आम्हाला ओरिजिनल डिझाईन हवी होती. हे तर बाजारात सगळीकडे दिसतं. आणि उतरवून घेताना तुमचा एक पक्षी राहिलाय." तुम्ही म्हणता, "राहिला नाही हो. तो..." आणि थांबता. परीक्षक बाई हसून पुढच्या टेबलाकडे जातात. मी तुमच्या मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर, तुमची पिशवी धरून उभा आहे. एक वाक्य पुरलं असतं. नमुना यांचाच आहे, बाजारातला आम्ही यांच्यावरून उचलला. तेवढं वाक्य मी मनात जुळवलं आणि पिशवीचे बंद सारखे करत राहिलो. तुम्ही मागे वळलात आणि म्हणालात, "पिशवी दे इकडे." तोरणाची घडी तुम्ही स्वतः घातलीत.

रिक्षात तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसलात. मग म्हणालात, "त्यांना पाण्यात गेलेला दिसला नाही. तुला दिसला होता ना रे?" मी म्हणालो, "हो, बाई." तुमचं घर आलं. उतरताना माझ्या हाताचा आधार घेतलात आणि तो हात लगेच सोडला नाहीत. "बायकोला सांग, तिचा हात फार चांगला आहे. बाजारात बघितली मी तोरणं. टाका घट्ट असतो तिचा, माझ्यासारखा सैल पडत नाही." एवढंच बोलून तुम्ही फाटक लावून घेतलंत. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही मलाच बरोबर नेलं होतंत. मी बोलेन म्हणून नेलं होतंत का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे.

घरी ही वाट बघत होती. "मिळालं का बाईंना?" मी म्हणालो, फार स्पर्धा होती. तुमचा निरोप मी तिला दिला नाही. दिला असता तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. दुकानदार आता तोरणं नको म्हणतो, असं सांगून विकणं मात्र थांबवलं. ती बिचारी मग बाळांची टोपडी विणू लागली. पुढच्या हिवाळ्याआधी तुम्ही गेलात. हिलाही जाऊन आता काही वर्षं झाली. तिचा टाका घट्ट होता असं तुम्ही म्हणाला होतात, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही मोठ्या मनाने परवानगी दिलीत, हेच ती शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली.

आज हे सगळं लिहायला बसलो, कारण नात क्रोशा शिकते आहे. मोबाईलवर बघून शिकते, आणि चांगलं विणते. सकाळी स्टुलावर चढून तिने तोरणाचा फोटो काढला. "आजोबा, हे डिझाईन कुणाचं? खाली नाव टाकावं लागतं. नाही टाकलं तर लोक भांडतात." मी म्हणालो, "तुझ्या आजीचं." ती म्हणाली, "मग एक पक्षी विसरली का आजी?" मी म्हणालो, "विसरली असेल."

तेव्हापासून लिहितो आहे. ती शेजारच्या खोलीतच आहे, सुईचा आवाज येत नाही पण तिचं मोजणं ऐकू येतंय. फोटो अजून टाकलेला नाही, रात्री टाकीन म्हणाली. उठून चार पावलं जायचं आणि एक नाव सांगायचं, एवढंच काम आहे. पण मी आपला पत्र लिहीत बसलोय. आणि आत्ता पहिल्यापासून वाचून बघितलं, बाई, तर इतक्या लांबलचक पत्रात तुमचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही.