उर्सुलिनाच्या खानावळीची वारस

लिहून ठेवते मी, उर्सुलिना पिकादो, वय एकाहत्तर, धंदा खानावळीचा, राहणार मातागाल्पा, की माझे गुडघे कुरकुरत असले तरी डोके जागेवर आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून करीत नाही. गोड बोलणारे माझ्याकडे फारसे फिरकतही नाहीत, भुकेलेले येतात. लिहून घेणारे वकील आराउस यांनी आल्याबरोबर एक ताट संपवले आहे, तेव्हा तेही पूर्ण शुद्धीवर आहेत.

कलम १. मागच्या दोन खोल्या, परसातले संत्र्याचे झाड आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता एक मुलगा एवेनोर याला. तो राजधानीत, मानाग्वाला असतो. मुलगा गुणाचा आहे, फक्त चुलीचा धूर त्याला लहानपणापासून सोसत नाही. गेल्या ईस्टरला म्हणाला, "आई, पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान काढू. तू नुसतं खुर्चीत बसायचं." मी म्हटले, "बसून काय करू? मोबाइल परतू?" तेव्हा पुढची खोली, म्हणजेच खानावळ, त्याला मिळणार नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे आणि तो हसला आहे.

कलम २. खानावळीबद्दल माझी इच्छा. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत. पत्ता सांगायचा तो एखाद्या ठळक जागेपासून. आमची सगळी आळी माझ्या दारापासून मोजली जाते. उर्सुलिनाच्या खानावळीपासून दोन गल्ल्या वर शिंपी, एक गल्ली खाली दाताचा डॉक्टर. बसचा कंडक्टर बायार्दो "उर्सुलिनावाले उतरा!" म्हणून ओरडतो तेव्हा माझ्या अंगावर अजून मूठभर मांस चढते. पण इथली माणसे गेलेल्या जागाही सोडत नाहीत. कोपऱ्यावरची चिंच तोडली त्याला जमाना झाला, तरी पोस्टमन "जिथे चिंच होती तिथून" असेच विचारतो. माझ्या मागे "जिथे उर्सुलिनाची खानावळ होती" असे कोणी म्हणू नये. नुसत्या आठवणीने पोट भरत नाही. डोंगरावरून कॉफी तोडून उतरलेला मजूर या पत्त्यावर आला, तर त्याच्यापुढे ताट आलेच पाहिजे.

कलम ३. सबब पुढची खोली, चूल, दोन्ही लांब टेबले, बाकडी आणि सगळी भांडी समोरच्या दोमितिला रीसो हिला द्यावीत.

इथे वकीलसाहेबांचे पेन थांबले. "उर्सुलिनाबाई, हीच ना ती, जिच्याशी तुमचं बोलणं नाही?"

हीच ती. समोर ग्विरिला भाजायला बसली आणि कोवळ्या मक्याच्या त्या गोड, जाड भाकऱ्यांच्या वासाने माझी अर्धी गिऱ्हाइके ओढून नेली. वर बाजारभर सांगत सुटली की उर्सुलिनाचा राजमा पाण्यात पोहतो. मीही काही तोंडाला कुलूप लावले नव्हते. तिच्या ग्विरिलाने बुटाला तळ लावता येईल, असे मी चर्चमधून प्रार्थना आटोपून बाहेर पडणाऱ्या बायकांना सांगितले. पण देवाच्या घरी न्याय आहे. तिच्या घराचा पत्ताच "उर्सुलिनाच्या खानावळीसमोर" असा आहे, आणि मुलीच्या लग्नपत्रिकेतही तिला तो छापावा लागला. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. तीही तिलाच द्यावी.

मग खानावळ तिला का? ती मजुराला आणि मास्तरांना एकाच मापाने वाढते म्हणून. मुसळधार पाऊस असो की गावात दंगा, तिची चूल विझलेली मी पाहिली नाही. आणि मागे मी तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांना तिने जेवू घातले, मात्र प्रत्येकाला बजावले, "ती बरी झाली की तिच्याकडेच जा हं. नाहीतर म्हातारी मुद्दाम उठायची नाही." हे मला बायार्दोने सांगितले. मी त्या दिवशी उठले.

कलम ४. अटी. ताट कॉफी तोडणाऱ्याला परवडले पाहिजे. राजमा-भात दुसऱ्यांदाही न मागता वाढावा. ताजे चीज कापताना सुरी सरळ धरावी. तिरकी धरली की तुकडा मोठा दिसतो, असतो लहान, आणि हे भुकेल्या माणसाला बरोबर कळते. रविवारी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे नाकातामाल सकाळीच तयार हवेत, कारण आदल्या रात्री प्यालेल्यांना दुसरा आधार नसतो. पाटीवर दोमितिलाने खुशाल स्वतःचे नाव घालावे.

"मग सगळ्या आळीचा पत्ता बदलेल," वकील म्हणाले.

"बदलू दे. ताट बदलता कामा नये."

पुरवणी, सह्यांच्या वेळी लिहिलेली. तिसरा साक्षीदार मिळेना, म्हणून बायार्दो समोरून नेमका दोमितिलालाच घेऊन आला. हात पिठाने भरलेले, आणि पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्याच्या आत. तिने पेन उचलले तसे वकील ओरडले, "थांबा! ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मला इथे काय मिळणार? शिव्या?"

त्यांनी कलम तीन मोठ्याने वाचले, बुटाच्या तळासकट. दोमितिला बाकावर बसली. पिठाच्याच हाताने डोळे पुसले आणि मग माझ्यावर उखडली.

"तू मेल्यावर? तू मेल्यावर काय करायचीय मला तुझी खानावळ? भांडू कुणाशी, भांड्यांशी?"

"मग म्हणणं काय आहे तुझं?"

"सरक जरा. मीठ कुठे ठेवतेस?"

आता ती माझ्या चुलीपाशी उभी आहे, माझाच एप्रन बांधून, आणि मी इतक्या आनंदात आहे की सांगता सोय नाही. वकील म्हणतात, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र लागू होत नाही. मी म्हटले, तिला जाऊन सांगा. त्यांनी चुलीकडे एकदा पाहिले आणि पुढे लिहायला घेतले: कलम तीन आजपासूनच लागू समजावे, लिहून देणारीच्या मरणासाठी थांबू नये.

हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, मान्य केले.

उर्सुलिना पिकादो

साक्षीदार:
बायार्दो सेंतेनो, बस कंडक्टर
मेलानिया उबेदा, शिक्षिका
आन्सेल्मो मायरेना, कॉफी मजूर (दोघींनीही वाढले, म्हणून सही उशिरा)

ठिकाण: मातागाल्पा, खानावळीतच
दिनांक: १४ डिसेंबर २००९