पायावर पाय टाकून

माय, परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. खिडकीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगत होते आणि अर्धवट झोपेत मला वाटलं, तू जिनातून, त्या कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, आलीस. हंगामात तू अशीच यायचीस. कापसातला काडीकचरा वेचून वेचून केसांत रुई, भुवयांवर रुई, पापण्यांवरसुद्धा. उंबऱ्याबाहेर उभी राहून पदर झटकतेस, अकोल्याच्या त्या उतरत्या उन्हात रुई तुझ्याभोवती तरंगत राहते, आणि मी आतून म्हणते, "ये ना आता." तर तू म्हणतेस, "थांब वो. घरबी पाह्यते आपल्याले." तुला असं काहीबाही सुचायचं. आम्ही हसायचो, पण कानामागे मळ ठेवून तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत कुणाची नव्हती.

नागपूरहून दीक्षा घेऊन, पांढरं लुगडं नेसून आलीस त्या वर्षापासून तू कुणाच्या दारात वाकली नाहीस. मी मात्र वाकायची, सवयीनं. मॅट्रिक झाले आणि अमरावतीहून मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा तुला काळजी लागली ती माझ्या या वाकणाऱ्या मानेची. ही जागा हुकली की दिवाळीनंतर मी तुझ्याशेजारी रुईत बसणार, हे ठरल्यासारखंच होतं. मुकादमानं विचारूनही ठेवलं होतं. त्या दिवशी तुझ्या भाकरी जाड झाल्या, कधी नव्हे त्या.

मग सुरू झाली आपली तालीम. जिन बंद असण्याचे दिवस होते. दुपारी सगळी वस्ती पेंगलेली, आणि आपण दोघी रॉकेलचे रिकामे डबे पालथे घालून समोरासमोर. "साहेब लोकायसमोर कसं बसाव लागते, मले मालूम हाय," तू ठणकावून सांगितलंस. कुठून मालूम असणार माय तुला? खुर्चीवर बसलेला माणूस तू जवळून एकच पाहिला होतास, जिनाचा मॅनेजर. तो पाठ टेकून बसायचा, पायावर पाय टाकून, एक हात खुर्चीच्या दांडीवर, बोलणं कमी. मान असलेला माणूस असाच बसतो, असं तू वर्षानुवर्षं खाली बसून पाहत आली होतीस. मुलाखत द्यायला आलेला माणूस कसा बसतो हे आपल्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा तू मला मॅनेजरसारखं बसवलंस. "कोपऱ्यावर काहून टेकून राहिली? भीक मांगाले आली का? पुरी बस. पाय टाक पायावर." टिनाचा डबा कुरकुरायचा, मी हसायची, तू हसायची नाहीस. बाहेर लिंबाची सावली हलकेच सरकत असायची. ती दुपार अजून संपलेली नाही असं मला कधीकधी वाटतं.

निघायच्या सकाळी तू तांब्यात निखारे घालून माझ्या पातळाला इस्त्री केलीस. नखं पाहिलीस, वेणी दोनदा सोडून घातलीस. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत तू मला टेकूसुद्धा दिलं नाहीस, पातळ चुरगळेल म्हणून.

कचेरीत तू व्हरांड्यातल्या बाकावर, आणि मी आत. दार उघडंच होतं. तिघं साहेब होते. "बसा," म्हणाले, आणि मी बसले, तू शिकवलं तशी. पाठ टेकून, पायावर पाय, हात दांडीवर. मधल्या साहेबांनी माझा अर्ज बराच वेळ वाचला, आडनावावर थोडे थांबले. मग वर पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या हलत्या चपलेवर खिळली. "बाई," ते सावकाश म्हणाले, "मुलाखत आम्ही घ्यायची आहे. पाय खाली घ्या." बाकीचे दोघं हसले. मी पाय खाली घेतला. माझे कान तापले, डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात दाराबाहेर तू दिसलीस. तू ऐकलं होतंस. तुझा चेहरा मला आजही नीट आठवता येत नाही, आठवायला गेलं की तिथे फक्त ऊन येतं.

मी बसून राहिले. मागे टेकूनच. त्यांनी विचारलं, वर्गात एखादी मुलगी रडायला लागली तर काय कराल? मी शुद्ध बोलायचं विसरले. "आधी तिचं नाक पुसीन, मंग इचारीन, काहून रडून राहिली म्हनून." या खेपेला ते हसले ते वेगळं होतं.

परतीला आपण बडनेऱ्याला गाडी बदलली. मग खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "म्या चुकीचं शिकवलं तुले." मी म्हटलं, "नाही वो." "चुकीचंच. पन तू उठली नाईस. मले वाटलं, आता उठून येशीन रडत. तू उठली नाईस." आणि तू माझा हात धरलास.

नेमणुकीचा कागद आला तरी तुला त्याचं विशेष वाटलं नाही. तू सांगत फिरायचीस ते हेच. जिनात, पाण्याच्या नळावर, लग्नाच्या मांडवात, माझ्या सासूलासुद्धा. "साहेबानं पानउतारा केला, पन माही पोरगी खुर्चीवरून उठली नाई." शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही तू ते ऐकवलंस. ती माझ्याकडे कौतुकानं पाहत होती आणि मी तुझं पांघरूण सारखं करत होते.

खरं सांगू, माय? मी उठणारच होते. पळूनच जाणार होते, थेट स्टेशनापर्यंत. पण साहेब अर्ज वाचत होते तेवढ्या वेळात पायाला अशा मुंग्या आल्या होत्या की उभी राहिले असते तर तिथेच कोसळले असते.