दुसरावाले, तिसरावाले आणि बाबांचा डावा हात

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात तीन-चार अंगांवरच भागवतो.) तुझी आणि वहिनीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. चार वर्षं माझा नंबर तुझ्या फोनवर बंद आहे. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हे पत्र.

दुकान चालू आहे, म्हणजे कुलूप रोज उघडतं. टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं संपत आली. जी येतात ती रिमोटचे सेल बदलून घेतात आणि तासभर बसतात. आपल्या व्हिडिओ गेम मंडळाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हात ऐकत नाही. फायनल ऐन रंगात असताना मी तुझ्या मशीनची वायर उपटली, तेव्हा पडलेली फूट अजून तशीच आहे. मारामारीचा खेळ एकच, पैलवान तेच बारा. पण तिसऱ्या भागात एक बटण दाबलं की अख्खी चाल आपोआप होते आणि दुसऱ्यात त्याच चालीसाठी अंगठे सोलून निघतात. एवढ्यावरून आमच्या टेलरने सख्ख्या मेव्हण्याची पँट शिवायला नकार दिला. (मेव्हणा तिसरावाला. कापड परत केलं, मापाच्या चिठ्ठीसकट.) मंडळाच्या हॉलच्या फरशीवर खडूने रेघ मारली आहे. पाण्याचं पिंप आम्हा दुसरावाल्यांकडे आलं आणि संडास तुम्हा तिसरावाल्यांकडे गेला, त्यावर बोलणी चालू आहेत. चौथ्या भागाचं नाव दोन्हीकडे कोणी काढत नाही. तेवढ्या एका बाबतीत समाज एक आहे.

बाबांना झटका आल्यावर मंडळी भेटायला आली तीही दोन पाळ्यांत. उजवा हात गेलेला, जीभ जड झालेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या की डाव्या हाताच्या बोटांना काहीतरी काम देत जा. झालं. दुसऱ्या दिवशी दोन्ही गट आपापलं मशीन घेऊन खोलीत हजर. टेलर म्हणे, बोटं घडतात ती दुसऱ्या भागानेच. कोपऱ्या (तुमचा पुढारी, समोरच्याला कोपऱ्यात दाबून मारतो तो) म्हणे, एका हाताने फक्त तिसराच खेळता येतो. पलंगाच्या या बाजूला पाच जण, त्या बाजूला पाच जण, मध्ये बाबा. मीही ओरडत होतो, खोटं कशाला सांगू. शेवटी टेलरचा हात लागून औषधांचं टेबल आडवं झालं. आईने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला घराबाहेर काढलं, तेही दहा जणांना एकदम. जिन्यातसुद्धा ते आपापल्या कठड्याला धरून उतरले. बाबा हसत होते की रडत होते ते कळलं नाही. त्या चेहऱ्यावर आता दोन्ही सारखंच दिसतं.

तर विनंती एवढीच, की वायरबद्दल मला माफ केल्याचं मंडळाला दोन ओळींत कळव. म्हणजे रेघ पुसता येईल. बाकी आई-बाबा बरे आहेत. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – बाबा बरे आहेत हे आईच्या हुकमावरून लिहिलं. रविवारी फोनवर ती तुलाही तेच सांगते. खरं नाही ते. डॉक्टर महिन्याभराची भाषा करतात आणि त्यातला एक आठवडा गेला.

आणखी ता. क. – कोपऱ्याचं खरं निघालं, एका हाताने तिसराच जमतो. मीच तो बाबांना लावून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "दादा येईल का रे खेळायला?" एवढं बोलायला त्यांना मिनिटभर लागलं. मी म्हणालो, येईल. तुझ्या नावाचं ऑनलाइन खातं उघडलं, तिसरा भाग शिकलो, आणि आता रोज दुपारी चार वाजता बाहेरच्या खोलीत बसून, तू म्हणून, तुझाच पैलवान घेऊन त्यांच्याशी खेळतो. नंतर ते आईला सांगतात, आज दादा आला होता. याचा राग येईल तुला. येऊ दे.

शेवटचं – काल डाव संपल्यावर त्यांची उशी नीट करायला आत गेलो. बराच वेळ ते शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "दादाला सांग... मागे सरून वार अडवू नको. तिसऱ्यात पुढे घुसायचं असतं. मागे सरायची खोड धाकट्याची." आणि माझा हात दाबला.

म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे, दादा. बहुतेक पहिल्या दिवसापासून. तरी रोज पावणेचारला आईकडून डावा हात पुसून घेतात आणि तयार होऊन बसतात. मला आता हे जमत नाही. तू ये.