रोवेनाची पाळी

४ मे १९०३
अखेर घरी आले, स्वतःच्या घरी. घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण पीचच्या बागा दिसल्या आणि शीण उतरला. तिकडे युटात आमच्या पंथाच्या पुढाऱ्यांनी एकाहून जास्त बायका करणं बंद केल्याचं जाहीर केलंय. म्हणून माझं आणि लायमनचं लग्न इथे मेक्सिकोत, चार माणसांत लागलं. त्याची थोरली बायको, केटुराताई, दारातच उभी होती. म्हणाली, "दमली असशील. भांडणं उद्यापासून काढू." हसूच आलं. मला वेगळी खोली मिळाली, निळ्या पडद्यांची. लायमन आठवडाभर माझा, मग ताईचा.

१२ मे
माझा आठवडा संपला. लायमन ताईकडे गेला नाही, टोकाच्या बंद खोलीत गेला. ताई कणीक मळत होती. म्हणाली, रोवेनाची पाळी आहे. मधली रोवेना. बाळंतपणात मूल आणि ती, दोघंही गेली. मी म्हटलं, ती तर गेलीय ना? "मेली म्हणून काय झालं? तिचंही लग्न अनंतकाळाचं लागलंय, तुझ्यासारखंच."
मेलेल्या बाईचा काय मत्सर करायचा? पण जेवण गेलं नाही.

१८ मे
लायमन शीळ घालत त्या खोलीतून बाहेर आला. माझ्याकडे येतो तेव्हा बूट काढता काढता जांभया देतो. दुपारी त्या दाराआड बाई हसल्याचं ऐकलं. ताई म्हणते, रोवेना पहिल्यापासून खिदळणारीच.

३ जून
पुन्हा तिची पाळी. त्याच्या सदऱ्याची कॉलर कुणीतरी शिवलीय. टाका माझा नाही, ताईचाही नाही. मी तरुण आहे, जिवंत आहे. तिच्यात असं काय आहे?

४ जून
तो बागेतून यायच्या आत त्या खोलीत शिरले. खुंटीवरचा तिचा पिवळा झगा घातला. तो आला, रोवेना म्हणाला, माझा चेहरा ओंजळीत घेतला. असा हात मला कधी लावला नव्हता. मी नाव सांगितलं नाही. बसू दे तिला जळत.

८ जून
ताईने न्याहारीला मला रोवेना म्हणून हाक मारली. टोमणा वाटला. मी म्हटलं, मी झिल्फा. ती शांतपणे म्हणाली, झिल्फा तिच्या खोलीत केस विंचरतेय. माझा आठवडा मी तिला दिलाय, उद्यापासून तिची पाळी.

९ जून
निळ्या पडद्यांआड कुणीतरी गातंय. माझ्या आवाजात. लायमन तिकडे निघाला. मी बाही धरली — त्याने हळूच सोडवली. "रोवेना, हेवा बरा नाही. तुझा आठवडा झाला."

पिवळ्या झग्याची बटणं निघत नाहीत. टोकाच्या खोलीत गारठा. कोपऱ्यातला पाळणा हलतोय — आत बघणार नाही —

भिंतीपलीकडे तो बोलतोय. झिल्फा म्हणाला तिला. किती मायेने. मला असं कधीच