चांदीचा लेफ्टनंट

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! पलटणीच्या मेसमागे दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी मैदानाकडे, नळाला दिवसभर पाणी. एकट्या जिवाला आणखी काय हवं? काम म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमधली चांदी सांभाळायची. चषक, ढाली, तबकं, मेणबत्त्यांची घरं, सगळे मिळून एकशे बारा नग. आमचे हे चांदीचे कारागीर होते. त्यांच्या शेजारी बसून पंचवीस वर्षं चांदी उजळली, तेव्हा हात बसलेलाच आहे. मेसचे मॅनेजर कमरेला एवढ्या किल्ल्या लावून फिरतात की मनातल्या मनात मी त्यांचं नाव घुंगूरमाळ ठेवलं. मुलाला फोन केला तर म्हणतो, आई, आता तूही फौजेत आलीस, मला सलाम ठोकायचा हं. गाढव! लेफ्टनंट होऊन वर्ष झालं नाही आणि ही मिजास.

७ फेब्रुवारी

आज तळातल्या कपाटात, फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पुतळा सापडला. वीतभर उंचीचा तरुण अधिकारी. डोक्यावर टोपी, कमरेला तलवार, डावा हात पट्ट्यावर. चांदीचाच, पण काळाठिक्कर पडलेला. बैठकीवर कोरलंय, ‘आमच्या मुलाच्या स्मरणार्थ, पलटणीस सप्रेम भेट.’ नावाची ओळ झिजून सपाट झालीय. घुंगूरमाळ म्हणाले, त्याला असू द्या तसाच, आधीच्या बाई कुणाला हात लावू देत नव्हत्या. पण माझ्या ताब्यातली चांदी काळी राहिली तर ह्यांचं नाव नाही का बुडणार? खडूची वस्त्रगाळ पूड घेतली, स्पिरिट घेतलं आणि दुपारभर बसले. चेहरा वर आला तशी हसायलाच लागले. हुबेहूब माझा लेक! तोच बाहेर आलेला डावा कान, तीच हट्टी हनुवटी. फोनवर सांगितलं तर म्हणाला, जिवंतपणीच पुतळा उभारलास की माझा. म्हटलं, शुभ बोल नाऱ्या!

११ फेब्रुवारी

पुतळ्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर काळं आलंय. चार दिवसांत चांदी अशी काळवंडत नाही. पूड नीट धुतली नसेन मी. संध्याकाळी मुलाचा फोन आला. चौकीवर कडाक्याची थंडी आहे, उजव्या हाताची बोटं काळीनिळी पडून बधिर झालीत, डॉक्टर म्हणतात वाट बघू, नाहीतर कापावी लागतील.

१२ फेब्रुवारी

सकाळी कामाला बसले आणि सवयीनं आधी ती बोटं पुसली. दुपारी त्याचा फोन. बोटं एकदम बरी! डॉक्टरही चक्रावलेत. फक्त एक गंमत झालीय म्हणाला, मोबाइल अंगठ्यानं उघडत नाही. बोटांवरच्या रेषाच गेल्यात. तो हसत होता. मी पुतळा उजेडात नेला. बोटांच्या मधल्या फटी दिसत नाहीत. चांदी पुसली की केसभर झिजतेच, पण एका हातात इतकी?

१६ फेब्रुवारी

काल पुतळ्याच्या छातीवर काळं आलं. मनाचे खेळ, म्हटलं, आणि मुद्दाम पुसलं नाही. आज त्याच्या साहेबांचा फोन आला. न्यूमोनिया, इस्पितळ, प्राणवायू लावलाय. फोन ठेवून चांदीच्या खोलीकडे धावले. पुसलं. तासाभरात ताप उतरला. नर्स चांगली आहे, नीट बोलली. लहानपणी छातीवर दूध सांडून भाजला होता, तो डाग कसा आहे विचारलं. म्हणाली, कसला डाग? छाती आरशासारखी आहे.

पुतळ्याच्या कोटाची वरची दोन बटणं गेलीत.

१९ फेब्रुवारी

आधीच्या बाईंचा पत्ता काढून गेले. लेकीकडे राहतात. मी पुतळ्याचं नाव काढताच त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. मुलगा आहे का तुम्हाला, एवढंच विचारलं. फौजेत आहे म्हटलं. मग म्हणाल्या, माझाही होता. तेरा महिने पुसत होते. शेवटी ओळखू येईना, तेव्हा मीच पुसायचं थांबवलं. म्हणून तुम्हाला काळा सापडला. काळ्याखाली तो पुढच्या आईच्या लेकाचं रूप धरतो.

मी रडले. त्या रडल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, न पुसलं तर तीन दिवस लागतात.

२१ फेब्रुवारी

हवा लागली नाही तर चांदी काळी पडत नाही. आमचे हे चांदीवर पातळ व्हार्निश द्यायचे, तसं पुतळ्याला दिलं. चहा टाकणार तोच नर्सचा फोन, धाप लागलीय, घाम फुटतच नाही, अंग भट्टीसारखं तापलंय. स्पिरिटनं सगळं खरवडून काढलं. घाईत नख लागलं.

त्याच्या गालावर ओरखडा आहे. कुठून आला, कुणालाच माहीत नाही.

२३ फेब्रुवारी

घुंगूरमाळांना सगळं सांगितलं. म्हणाले, बाई, तुमचा जीव टांगणीला लागलाय म्हणून असं होतंय, काम सोडून मुलाजवळ जा. कशी जाऊ? मी गेले तर पुसणार कोण? पुतळा बरोबर देत नाहीत. नगाची नोंद आहे.

आता रोज काळं येतं. सकाळी पाय, दुपारी खांदे.

२५ फेब्रुवारी

आज चेहरा. पुसायचा नाही असं ठरवलं. दुपारी बारापर्यंत धीर धरला. नर्स म्हणाली, डोळ्यांनी दिसत नाही म्हणतो, आईला बोलवा म्हणतो —

पुसलं. अलगद. कापसानं. नाक गेलं. ओठांची रेघ गेली.

दिसायला लागलंय त्याला. नर्सनं फोन पुढे केला नाही. आवाज बदलला होता तिचा.

२७ फेब्रुवारी

रजेवर पाठवलाय. सकाळी गाडीतून उतरला. ड्रायव्हर त्याच्याकडे न बघता गाडी वळवून निघून गेला.

आवाज त्याचाच. चाल त्याचीच. टोपीखाली —

म्हणाला, आई, सगळे असे का बघतात गं? तिथे आरसाही देत नव्हते. मी घरातला आरसा आधीच काढून ठेवला होता.

मिठी मारली. गार होता. गुळगुळीत.

२८ फेब्रुवारी

पुतळा पदराखाली घालून घरी आणलाय. विचारू दे कुणाला विचारायचं ते.

गळ्यावर काळं. सकाळी दोनदा पुसलं. लगेच परत.

गळा काडीएवढा उरलाय. आणखी एकदा फडकं फिरलं तर डोकं —

आणि नाही फिरवलं तर —

आधीच्या बाईंना फोन लावला. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि फोन ठेवला.

पलंगावर उठून बसलाय. दोन्ही हात गळ्याशी. आई, म्हणतो, श्वास घेता येत नाही, काहीतरी कर ना गं —

अगदी हळू. फक्त एकदा. बाजूबाजूनं, मधे नाही, मधे फडकं लावतच नाही, फक्त ह्या बाजू